काल सोडले तिथून

ताडोबात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या प्राणीगणनेसाठी मी आजवर पाच वेळा मचाणावर बसले आहे. तिथे काम एकच असते, गप्प बसायचे आणि जनावराची वाट पाहायची. गोरिलाच्या बाबतीत या सवयीचा काहीच उपयोग होत नाही, कारण त्याला लागणारे बरेचसे पाणी ओल्या पाल्यातूनच मिळते, पाणवठ्यावर त्याची ठरलेली फेरी नसते, आणि मुक्कामाची जागा तो रोज बदलतो. त्याला पाहायचे तर त्याच्या मागे चालत जावे लागते. २०२५च्या जानेवारी-फेब्रुवारीत मी अशी दोन ठिकाणी चालले, आधी युगांडातील ब्विंडीच्या डोंगरी जंगलात आणि नंतर काँगो प्रजासत्ताकातील ओडझाला-कोकुआच्या सखल जंगलात. गोरिला समोर आल्यावरचा तास बहुतेकांच्या लिहिण्यात येतो. मी मात्र त्याआधीच्या तासांविषयीच जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या मते शिकण्यासारखे जे होते ते तिथे होते.

माझा भाचा कंपालात नोकरीला आहे, आणि युगांडातील परवान्याची खटपट त्यानेच केली. परवाना ८०० डॉलरचा, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे ६९ हजार रुपये, आणि तेवढ्यात एका माणसाला गोरिलांजवळ एक तास मिळतो. शेजारच्या रवांडात याच तासाला २०१७पासून १,५०० डॉलर पडतात, त्यामुळे युगांडा त्या मानाने स्वस्तच म्हणायचे. परवान्यावर तारीख आणि जंगलाचा विभाग लिहिलेला असतो. कोणत्या गोरिला कुटुंबाच्या मागे जायचे ते त्या दिवशी सकाळी रेंजर ठरवतात. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते आणि तिची पिवळी पुस्तिका परतताना मुंबईतही दाखवावी लागते, एवढे सांगून तयारीचा भाग मी संपवते. बुटांविषयी मात्र सांगायला हवे. नवे बूट घेऊन जाऊ नयेत. मी नेले होते, आणि डाव्या पायाचा अंगठा पुढे महिनाभर काळानिळा राहिला.

ब्विंडीच्या इंग्रजी नावात ‘अभेद्य’ असे विशेषण आहे आणि ते शोभेपुरते नाही. सुमारे ३२० चौरस किलोमीटरचे हे जंगल क्षेत्रफळाने बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या साधारण तिप्पट भरेल, परंतु ते सगळे उभ्या घड्या पडलेल्या डोंगरांवर पसरलेले आहे, १,१६० मीटरपासून २,६०७ मीटरपर्यंत. आमचा विभाग होता रुहिजा, म्हणजे त्यातला उंचावरचा आणि थंड. सकाळी साडेसातला आम्ही तिथे पोचलो तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. प्रत्येक कुटुंबामागे जास्तीत जास्त आठ माणसे सोडतात आणि पंधरा वर्षांखालील मुलांना नेत नाहीत. रेंजरने नियम सांगितले ते असे, की गोरिलांपासून दहा मीटर अंतर ठेवायचे, त्यांच्याजवळ मास्क काढायचा नाही, काही खायचे नाही, जंगलात शौचाला जावे लागले तर हातभर नाही तरी वीतदीड वीत खोल खड्डा खणून बुजवायचा, आणि सर्दी-खोकला असेल तर आत्ताच सांगायचे. भाच्याने माझ्याकडे पाहून विचारले, “मावशी, तुझ्या गुडघ्यांचं सांगू का?” गुडघेदुखी संसर्गजन्य नाही, असे मी त्याला सांगितले.

आम्हाला ओरुझोगो नावाचे कुटुंब मिळाले. मी रेंजरला विचारले की ते आत्ता कुठे आहे, तर तो म्हणाला, “काल दुपारी चार वाजता त्यांना कुठे सोडले ते मला ठाऊक आहे.” मला वाटले की तो प्रश्न टाळतो आहे. पुढच्या सहा तासांत कळले की माग काढण्याची सगळी रीत त्या एका वाक्यात होती. माणसाची सवय झालेल्या प्रत्येक कुटुंबामागे ट्रॅकरांची, म्हणजे माग काढणाऱ्यांची, एक तुकडी वर्षातले सर्व दिवस असते. दुपारी उशिरा कुटुंब विसाव्याच्या बेताला आले की ती तुकडी जागेची खूण ठेवून परतते, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा त्याच खुणेवर जाते. गोरिला अंधारात प्रवास करत नसल्यामुळे रात्रीची घरटी खुणेपासून फारशी लांब नसतात, आणि घरटी सापडली की आजचा माग तिथून सुरू होतो. म्हणजे ट्रॅकर आज गोरिला शोधत नसतात. ते कालच्या धाग्याला आजचा धागा जोडत असतात. एखाद्या दिवशी कोणी गेलेच नाही, किंवा पावसाने माग धुऊन नेला, तर हा धागा तुटतो आणि मग खरोखरच शोधत बसावे लागते.

आम्ही निघालो तेव्हा ट्रॅकरांना जाऊन दोन तास झाले होते. पहिला तासभर नुसता उतार होता, तोही ओल्या शेवाळावरचा. सामान उचलायला गावातली एक तरुण हमाल मुलगी मी पैसे देऊन बरोबर घेतली होती. प्रत्यक्षात तिने सामानापेक्षा मलाच जास्त उचलले. पँट मोज्यांत खोचायला का सांगितले होते ते लवकरच कळले, कारण वाटेवरून काळ्या मुंग्यांची एक दोरीसारखी रांग चालली होती आणि तिच्यात पाय पडलेल्या एका गृहस्थांना सर्वांसमक्ष पँट उतरवावी लागली. हातमोजे लागतात ते उतारावर आधारासाठी धरायला जी झुडपे हाताशी येतात त्यांच्यासाठी. त्यांतली निम्मी झुडपे अंगाला लागताच आग करतात.

साडेदहाच्या सुमारास वॉकी-टॉकीवर ट्रॅकरांचा आवाज आला. घरटी मिळाली होती.

ती घरटी मी नीट पाहिली, आणि या प्रवासातले माझे सर्वांत आवडते अर्धा तास तेच आहेत. उतारावर थोडी सपाटी होती, तिथे एकमेकांपासून पाच-सात पावलांवर पाल्याच्या उथळ टोपल्या होत्या. गोरिला मधोमध बसतो, चहूबाजूंच्या डहाळ्या आणि वेली ओढून अंगाखाली वाकवतो आणि कड दाबून घेतो. या कामाला त्याला काही मिनिटेच लागतात, आणि एवढे करून तो ते घरटे एकाच रात्रीसाठी वापरतो. सर्वांत मोठ्या टोपलीच्या काठावर घोड्याच्या लिदीसारखी गोळ्यांची विष्ठा होती. ट्रॅकरने काडीने एक गोळा उलटला आणि त्याला चिकटलेला पांढरट केस मला दाखवला. पूर्ण वाढ झालेल्या नराच्या पाठीवरचे केस रुपेरी होतात, म्हणून हे घरटे त्याचे. गणनेच्या वेळी हा अंदाज नुसत्या नजरेवर सोडत नाहीत. विष्ठेचा गोळा ७.२ सेंटिमीटरपेक्षा जाड आणि त्यात रुपेरी केस असले, तर ती प्रौढ नराची धरतात. दोन घरट्यांपलीकडे मध्यम गोळ्यांच्या शेजारी सुपारीएवढे छोटे गोळे होते, म्हणजे तिथे आई आणि तिच्या कुशीत पोर झोपले होते. पोर तीन-चार वर्षांचे होईपर्यंत आईच्याच घरट्यात असते. ट्रॅकरने बोटांवर मोजले आणि समाधानाने मान हलवली. काल होते तेवढे सगळे आज आहेत, याची रोजची हजेरी अशी घेतली जाते.

डोंगरी गोरिलांची आजची एकूण संख्या आपल्याला ठाऊक आहे तीही याच घरट्यांमुळे. गणनेत तुकड्या सगळे जंगल पायाखाली घालतात, ताजी घरटी शोधतात आणि विष्ठेचे नमुने प्रयोगशाळेत पाठवतात, जेणेकरून एकच जनावर दोनदा मोजले जाऊ नये. २०१८च्या गणनेत ब्विंडीत आणि त्याला लागून असलेल्या, शेजारच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील (हा काँगो वेगळा) सारांब्वे जंगलात मिळून ४५९ गोरिला निघाले, विरुंगाच्या ज्वालामुखी डोंगरांत २०१५-१६मध्ये ६०४ निघाले होते, आणि जगभरात डोंगरी गोरिला एवढेच, १,०६३. या आकड्यांमागे कोणीतरी ओल्या पाल्यात गुडघे टेकून काडीने विष्ठा उलटली आहे, हे मला तोवर कधी सुचले नव्हते.

घरट्यांपासून पुढचा माग माझ्यासारखीलाही दिसत होता. डोंगरी गोरिला ज्या झाडोऱ्यातून चालतो तोच बहुतांशी त्याचा आहार असतो, त्यामुळे तो चालत जातो आणि जाता जाता वाट खातो. गुऱ्हाळाच्या दारात उसाची चिपाडे पडावीत तशी सोललेल्या देठांची सालपटे मागभर पडली होती. पुढे चाललेला माणूस एकेक सालपट उचलून त्याची तुटलेली कड पाही. ती ओली आणि पांढरी असली तर फार वेळ झालेला नाही, तपकिरी पडली असली तर ते सकाळचे जेवण. मऊ मातीत एका जागी चार बोटांच्या मधल्या पेरांचे ठसे उमटले होते, कारण गोरिला हात टेकतो तो मुठीवर. माग फुटला तिथे ट्रॅकर कोयता थांबवून उभे राहिले, हलक्या आवाजात काही बोलले आणि डावीकडे वळले. मी कारण विचारले तेव्हा कळले की उजवीकडचा माग एका तरुण नराचा होता आणि तो थोडे फिरून परत कुटुंबातच येणार होता. कोणत्या पावलांचा नाद सोडायचा हे कळणे मला सर्वांत अवघड वाटले.

आधी वास आला, शिळ्या घामाचा, उग्र. रेंजरने घसा खाकरल्यासारखा दोनदा खोल आवाज काढला आणि पाल्याआडून तसाच आवाज परत आला. काठ्या, पिशव्या, हमाल सर्व मागे ठेवून आम्ही दहा-बारा पावले पुढे गेलो. त्या तासात काय दिसले ते थोडक्यात सांगते. रुपेरी पाठीचा नर आमच्याकडे पाठ करून देठ सोलत होता, आणि तो एवढा मोठा होता की देठ सोलण्याची नाजूक हालचाल त्याच्या बोटांची आहे हे मनाला पटायला वेळ लागला. एक पोर वेलीवरून दोनदा पडले. एक मादी आमच्याकडे टक लावून बघता बघता जांभई देऊन झोपली. भाचा फोटो काढायचे विसरला.

परतीच्या चढावर मनात दुसरेच काही येत राहिले. या कुटुंबाला माणसाची सवय लावायला साधारण दोन वर्षे लागली असतील. रोज माणसे जाणार, दूर बसणार, पळाले तरी पुन्हा जाणार, असे करत करत गोरिला माणसाकडे दुर्लक्ष करायला शिकतात. परंतु माणूस कोणता, हे त्यांना सांगता येत नाही. याच ब्विंडीत नकुरिंगो कुटुंबाचा राफिकी नावाचा नर जून २०२०मध्ये एका शिकाऱ्याच्या भाल्याला बळी पडला, आणि त्या शिकाऱ्याला ११ वर्षांची शिक्षा झाली. शिवाय या जंगलाचा माग ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या काढता येत होता त्या बाट्वा लोकांना १९९१मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले तेव्हा बाहेर काढण्यात आले. आता त्यांतले काही जण प्रवाशांना तिरंदाजी आणि लाकडावर लाकूड घासून विस्तव पेटवण्याची कृती दाखवतात. आम्हालाही ती दाखवली. मी टाळ्या वाजवल्या, आणि मग वाजवल्याची लाज वाटली.

ओडझालाला, म्हणजे काँगो प्रजासत्ताकात, भाचा आला नाही. अदिस अबाबामार्गे ब्राझाव्हिल, तिथून छोटे विमान, आणि मग उघड्या जीपमधून लाल मातीच्या रस्त्याने काही तास, असा तो प्रवास आहे; त्याचा एकूण खर्च मी अजून घरीही सांगितलेला नाही. इथला गोरिला म्हणजे पश्चिमेकडचा सखल जंगलातला गोरिला, डोंगरी गोरिलापेक्षा अंगाने थोडा लहान, आखूड केसांचा आणि डोक्यावर तांबूस झाक असलेला. एक विरोधाभास मला आधीपासून खुणावत होता. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार हे गोरिला सुमारे ३ लाख ६० हजार आहेत, म्हणजे डोंगरी गोरिलांच्या तीनशे पटींहून अधिक, आणि तरीही ते दिसणे कितीतरी अवघड. डोंगरी गोरिलाला दोन वर्षांत माणसाची सवय होते, तर यांना पाच वर्षे आणि कधी त्याहून अधिक लागतात, आणि पुष्कळदा तो प्रयत्नच सोडून द्यावा लागतो.

तळावर पोचले त्या रात्री मला खोकला सुरू झाला. रस्त्याची धूळ असेल असे माझे मत होते, पण सकाळी मार्गदर्शकाने कसे वाटते असे विचारले तेव्हा मी क्षणभर गप्प राहिले. तेवढ्या क्षणात मी खोटे बोलण्याचा विचार केला होता, हे कबूल करते. माझ्याकडे तीनच दिवस होते. शेवटी सांगितले, आणि तो शांतपणे म्हणाला की आज तुम्ही येणार नाही, उद्याचे उद्या पाहू. या भागात त्या नियमाला वाद घालता येत नाही. इथून जवळच लोसी अभयारण्यात मॅग्दालेना बेर्मेहो या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे ओळख करून घेतलेल्या १४३ गोरिलांपैकी १३० ऑक्टोबर २००२ ते जानेवारी २००३ या चार महिन्यांत इबोलाने नाहीसे झाले, आणि त्या साथीत त्या परिसरात सुमारे ५,००० गोरिला मेले असा त्यांचा अंदाज आहे. इबोला माणसाच्या खोकल्याने तिथे पोचला नव्हता. पण आपली साधी सर्दीही गोरिलाला झेपेलच असे नाही.

तो रिकामा दिवस मात्र वाया गेला नाही. दुपारी उशिरा दोन ट्रॅकर परतले, पायांपासून कमरेपर्यंत भिजलेले, आणि ओट्यावर बसून त्यांनी दिवसाचा जमाखर्च मांडला. काटकीने त्यांनी मातीत एक ओढा काढला, त्याच्या पलीकडे एक रेघ, रेघेवर तीन खुणा आणि शेवटी एक फुली. त्यांच्याजवळ जीपीएस होते आणि त्यात आकडे नोंदवलेही होते, पण एकमेकांना सांगताना ते मातीतच सांगत होते. फुली म्हणजे आज सोडले ती जागा. ती कालच्या फुलीपासून दोन किलोमीटरांहून लांब होती. डोंगरी गोरिला दिवसाला साधारण एक किलोमीटर किंवा त्याहून कमी चालतो, कारण त्याचे अन्न चोहीकडे असते. इथला गोरिला फळांसाठी हिंडतो, आणि फळांच्या एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत मध्ये काहीच नसते.

खोकला एका रात्रीत थांबला. ताप नाही हे पाहून तिसऱ्या दिवशी मला घेतले. आम्ही चार पाहुणे, एक मार्गदर्शक आणि ते दोन ट्रॅकर, असे अंधार फिटण्याआधी निघालो.

हे जंगल पायांना सोपे आणि डोळ्यांना अवघड आहे. चढ-उतार फारसे नाहीत, पण कर्दळीच्या जवळच्या कुळातली एक रुंद पानांची वनस्पती डोक्याच्या वर गेलेली, आणि हात लांब केला तर बोटे दिसू नयेत इतकी दाट. याच पानांत गुंडाळून कसाव्याच्या पिठाचा चिक्वांग नावाचा पदार्थ शिजवतात; आपल्याकडच्या हळदीच्या पानांतल्या पातोळ्या आठवाव्यात. पुढच्या ट्रॅकरच्या हातात कोयता नव्हता. त्याच्याजवळ द्राक्षबागेत छाटणीला वापरतात तसली छोटी कात्री होती, आणि तो एकेक देठ आवाज न करता कापत पुढे सरकत होता. कोयत्याचा सपकन आवाज ऐकला की इथली टोळी उठून निघून जाते, आणि ती एकदा उठली की दिवस संपला. माझ्या कानांना ती कात्री आणि स्वतःचा श्वास, एवढेच ऐकू येत होते.

कालच्या फुलीजवळ आम्ही पोचलो तेव्हा मी घरटी शोधू लागले. दोनच दिसली. बाकीचे कुठे झोपले असे विचारताच ट्रॅकरने उघड्या जमिनीवर पाला थोडा दबलेली एक जागा दाखवली. इथले गोरिला पुष्कळदा घरटे करतच नाहीत, कधी झाडावर झोपतात, कधी नुसत्या जमिनीवर, आणि विष्ठा घरट्यात सापडेल याची खात्री नसते. ब्विंडीत मी जी हजेरी पाहिली होती ती इथे घेताच येणार नव्हती.

चिपाडेही नव्हती. ट्रॅकर पाहत होता त्या गोष्टी मला दाखवल्यावरही दिसायला वेळ लागत होता. पानाची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा फिकी असते, त्यामुळे अंग घासून गेलेल्या वाटेत काही पाने उलटी पडून फिकट दिसतात. पण वाऱ्यानेही पान उलटते, तेव्हा एकाच दिशेने उलटलेली तीन-चार पाने हवीत. दोन देठांमध्ये कोळ्याचे अखंड जाळे असले तर तिथून सकाळपासून कोणी गेलेले नाही. वेलदोड्याच्या कुळातल्या एका झाडाची तांबडी फळे जमिनीलगत येतात. त्यांचे एक सोललेले टरफल त्याने माझ्या तळहातावर ठेवले, त्याला आले आणि लिंबाच्या मधला वास होता आणि आतून ते अजून ओले होते. पुढे वाळवीचे एक वारूळ एका बाजूने फोडलेले होते आणि आतली वाळवी उघड्या भगदाडात अजून धावपळ करत होती. ते पाहताच दोघेही जागीच थांबले. वाळवी भगदाड बुजवायला लागते ते लगेच. तिने अजून सुरुवातही केली नव्हती.

इथे डोळ्यांचे काम संपले आणि कानांचे सुरू झाले. दहा मिनिटे आम्ही नुसते उभे होतो. घामाला चटावलेल्या बारीक माश्या डोळ्यांत, कानांत, मास्कच्या कडेने आत शिरत होत्या आणि त्यांना हाकलायला हात हलवायचा नव्हता. मग कुठेतरी वर एक फांदी वाकल्याचा आणि खाली काहीतरी टपटपल्याचा आवाज आला. ट्रॅकरने जिभेने टाळूवर टक्-टक् असा आवाज केला. हे आम्ही आहोत, रोजचेच, असे टोळीला कळवायची ती खूण आहे. छाती बडवण्याचा पोकळ आवाज एकदा झाला, आणि मग पुन्हा फळांचे टपटपणे सुरू झाले.

माझ्या त्या तासाचा हिशेब करायचा तर सुमारे चाळीस मिनिटे मी पाने पाहिली. वीस मिनिटे एक मादी वीसेक मीटर उंचीवर फांदीच्या बेचक्यात बसून फळे खाताना दिसली, तिच्या पाठीला पोर चिकटलेले. नर एकदाच दिसला. दोन पानांमधून तांबूस कपाळ आणि एक डोळा, फार तर पाच सेकंद. ब्विंडीच्या मानाने हे काहीच नव्हते. पण ब्विंडीत मला गोरिला दाखवले गेले होते आणि इथे टपटपण्याच्या आवाजाकडे मान माझी मीच वळवली होती, त्यामुळे की काय, आठवणीत तो डोळा जास्त ठळक आहे.

तास भरताच आम्ही परतलो आणि ट्रॅकर तिथेच राहिले. संध्याकाळी ते आले तेव्हा मी ओट्यावर त्यांची वाटच पाहत होते. पहिल्या दिवशी रुहिजात मी रेंजरला विचारले होते की ते कुठे आहेत. इथे मार्गदर्शकाकरवी मी विचारले की आज त्यांना कुठे सोडले. थोरल्या ट्रॅकरने काटकी उचलली, ओढा काढला, त्याच्या अलीकडे एक फुली मारली, आणि माझ्यासाठी म्हणून फुलीच्या शेजारी एक झाडही काढले. दुसऱ्या दिवशी पहाटे मला न्यायला जीप आली तेव्हा अजून अंधार होता. ते दोघे बुटांच्या नाड्या बांधत बसले होते, एकाच्या वरच्या खिशातून कात्रीची मूठ बाहेर दिसत होती. “म्बोते,” मी तिकडच्या भाषेत नमस्कार केला. त्यांनी हात वर केले आणि ओढ्याच्या दिशेने निघाले.